गोखले घराण्याची पहिली नोंद

चंद्रकांत गोखले आणि त्यांचे चिरंजीव विक्रम गोखले या दोन नटांचा परिचय मराठी वाचकांस करून देण्याचे प्रयोजन नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले निवर्तल्यानंतर त्यांच्या घराण्याच्या वारशाचा उल्लेख होणे स्वाभाविकच होते. परंतु हा वारसा आला कोठून, याचा हिशेब लोकांच्या बोलण्यात बहुधा बापापर्यंत येऊन थांबतो, ही आमची तक्रार आहे. ज्या पेढीत भांडवल पणजीने व आजीने घातले, तिच्या वहीवर केवळ मुलानातवांची नावे असावीत, हा व्यवहार कोणताही सचोटीचा व्यापारी मान्य करणार नाही.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांस स्त्री मिळेना. बदनाम वस्तीतही त्यांनी विचारणा करून पाहिली. तेथूनही नकारच आला. अखेर उपाहारगृहात नोकरी करणाऱ्या अण्णा साळुंके यांस लुगडे नेसवावे लागले. त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात मात्र दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, आणि त्यांची तेराएक वर्षांची कन्या कमला मोहिनी झाली. बालगंधर्वांच्या नेसण्याची नक्कल घरंदाज स्त्रिया हौसेने करीत, त्या काळातील ही गोष्ट! पुरुषाने स्त्री होणे ही कला आणि स्त्रीने स्त्री होणे ही बदफैली, असा अजब न्याय तेव्हा चालत होता.

पतीपासून विभक्त झालेल्या व पदरी मुलगी असलेल्या स्त्रीस त्या काळी मार्ग तरी किती होते? परघरची धुणीभांडी, नाही तर देहविक्रय. दुर्गाबाईंनी फिरत्या नाटक मंडळीचा तिसरा मार्ग धरिला. याबद्दल जातभाईंनी त्यांस वाळीत टाकिले. वाळीत टाकणाऱ्यांपैकी कोणी या मायलेकींच्या दोन वेळच्या अन्नाची सोय पाहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

पुढे कमलाबाईंचा विवाह रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. रघुनाथराव अकाली वारले, आणि पंचविशीच्या सुमारास तीन मुलांचा भार एकट्या कमलाबाईंवर आला. विधवेने माजघराच्या कोपऱ्यात बसावयाचे, ही तेव्हाची रूढी. या बाई रंगभूमीवर उभ्या राहिल्या. प्रसंगी पुरुषपात्रेही त्यांनी वठविली. त्या कमाईवर वाढलेल्या मुलांपैकी चंद्रकांत नट झाले. लालजी व सूर्यकांत यांनी तबलावादनात नाव मिळविले. म्हणजे ज्यास आपण घराणे म्हणतो ते या बाईच्या श्रमावर उभे आहे. १९८० च्या ‘गहराई’ या बोलपटातही त्या दिसल्या. वृद्धापकाळी रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, हे एक बरे झाले.

नाव बापाचेच चालावयाचे, ही रीतच आहे, असे कोणी म्हणतील. त्यांस इतकेच सांगावयाचे की, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदपत्रांत आधी आईचे व मग वडिलांचे नाव लिहावे, असा नियम महाराष्ट्र सरकारने केला आहे. कागदावरील हा पालट आम्हांस स्वागतार्ह वाटतो. मात्र मुलांच्या दाखल्यावर पत्नीचे नाव आनंदाने लिहिणारा गृहस्थ, मुलीने नाटकात जाण्याचे नाव काढताच घराण्याची अब्रू पुढे करितो, आणि सायंकाळी स्वतः तिकीट काढून दुसऱ्याच्या मुलीचे काम पाहावयास जातो, हेही आपण पाहतोच.

नाट्यगृहांच्या चालकांस आमची एक विनंती आहे. भिंतीवरील नटवर्यांच्या तसबिरी धूळ झाडण्यास उतरविल्या जातील, तेव्हा त्यांच्या शेजारी दुर्गाबाई व कमलाबाई यांची एक तसबीर लावावी. खर्च फारसा येणार नाही. आणि तो उचलण्यास गावातील एखादी पेढी पुढे येईल, असा आम्हांस भरवसा वाटतो.