प्रवासी रुग्णाची पुडी

काही महिन्यांपूर्वी आमच्या चिकित्सालयात एक जुने रुग्ण आले. वय पंचेचाळिशीचे, ग्रहणीचा जुनाट विकार, आणि नोकरी अशी की आठवड्यातील चार दिवस पुण्यात, दोन दिवस बंगळुरूत आणि वर्षातून तीनचार वेळा परदेशी. आखातातील एका देशी तीन आठवड्यांसाठी निघताना आम्ही त्यांना बेचाळीस पुड्या बांधून दिल्या होत्या. नेहमीप्रमाणे पांढऱ्या कागदात आणि नेहमीप्रमाणे नावावाचून. तेथील विमानतळावर त्यांची बॅग उघडली गेली. अधिकाऱ्याने पुडी हातात घेऊन विचारले, यात काय आहे? गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितले की, ते आमच्या वैद्यांना ठाऊक. दोन तासांनी त्यांची सुटका झाली, पुड्या मात्र कचऱ्याच्या डब्यात गेल्या. पुढील तीन आठवडे त्यांनी हॉटेलातील अन्नावर आणि औषधावाचून काढले.

त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. “डॉक्टर, एखादा कागद बरोबर दिला असता तर बरे झाले असते,” एवढेच ते म्हणाले. आम्ही मात्र त्या रात्री अस्वस्थ होतो. केसपेपर काढून पाहिला तेव्हा ध्यानात आले की, प्रवासापूर्वीच्या भेटीत त्यांना जातिफलादि चूर्ण द्यावे असे आमच्या मनात येऊन गेले होते. या चूर्णात भांग असते हे आपणां सर्वांस विदित आहे. येथे ते ग्रहणीवरील परिचित औषध होय. त्या विमानतळावर तो अंमली पदार्थ ठरला असता. ते दिले गेले नाही हे रुग्णाचे दैव. त्यात आमच्या दक्षतेचा भाग काहीच नव्हता, हे येथे मान्य करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

एकेकाळी वैद्याचा रुग्ण वैद्याच्याच गावचा असे. त्याच्या घरचे पाणी, त्याच्या शेतातील धान्य, त्याची निजण्याउठण्याची वेळ वैद्यास न विचारता ठाऊक असे. दोन शहरांत वाटले गेलेले आयुष्य मराठी माणसास तसे नवे नाही. डेक्कन क्वीन १९३० पासून धावत आहे आणि पासधारकांच्या कित्येक पिढ्या तिने पाहिल्या आहेत. परंतु तो प्रवासी रात्री आपल्या घरी जेवत असे. आजचा रुग्ण सोमवारी हैदराबादेत मेसचे जेवतो, गुरुवारी मुंबईत बाहेरून मागवलेले खातो आणि रविवारी आईच्या हातची भाकरी खाऊन पुन्हा रात्रीच्या गाडीत बसतो. मुलगी सिंगापुरात बाळंत होते म्हणून आई सहा महिन्यांचे औषध घेऊन तिकडे जाते. अशा रुग्णास ‘पथ्य पाळा आणि पंधरा दिवसांनी या’ असे सांगून आपण नेमके काय सांगतो, याचा विचार व्हावयास हवा.

वास्तविक या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी शास्त्राने आपणांस दिलेली आहे. जांगल, आनूप आणि साधारण हा देशविचार आपण परीक्षेपुरता पाठ केला. पुण्याहून मुंबईस किंवा दुबईहून लंडनला जाणाऱ्या रुग्णाचा देश दर खेपेस बदलतो, हे मात्र केसपेपरवर क्वचितच नोंदवले जाते. चरकांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सवयीचे सोडणे व नवे धरणे क्रमाक्रमाने, अंशाअंशाने करावे असे सांगितले आहे. प्रवासात हे सारे एका रात्रीत घडते. निदान परतल्यावरचे दोनतीन दिवस लघु व उष्ण आहाराचे असावेत, घरी पोहोचताच मेजवानी नसावी, एवढे तरी आपण सांगू शकतो.

त्याच अध्यायात तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत. प्रवासातील निम्म्या तक्रारींचे मूळ आम्हांस तेथे आढळते. एस.टी.ने वा मोटारीने सहा-सात तास प्रवास करणाऱ्या स्त्रिया वाटेत स्वच्छ शौचालय मिळणार नाही या भीतीने सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मूत्रवेग आणि तृष्णा असे दोन वेग त्या एकाच वेळी धारण करतात. पुढे त्या आपणांकडे मूत्रदाह, मलावष्टंभ व शिरःशूल घेऊन येतात आणि आपण चंद्रप्रभा व त्रिफळा देऊन मोकळे होतो. त्यांचा प्रवास कसा होतो, हा प्रश्न आपण विचारीत नाही.

निद्रेचेही तसेच. दिवास्वाप वर्ज्य म्हणून आपण सरसकट सांगतो. वाट चालून थकलेल्यास दिवसा निजण्याची मुभा चरकांनी दिलेली आहे; आणि सवय नसता जागरण घडल्यास जितका काळ जागलो त्याच्या निम्मा काळ सकाळी अन्न न घेता निजावे, असे अष्टांगहृदयात आहे. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. तेथे उतरणाऱ्या रुग्णास हे वचन आजही उपयोगी पडते.

औषधसेवनकालाविषयीही थोडे सांगावयाचे आहे. आपण चिठ्ठीवर ‘सकाळ-संध्याकाळ’ लिहितो. विमानात संध्याकाळ कोणती, हा प्रश्न रुग्णास खरोखरीच पडतो. प्राचीनांनी सांगितलेले प्राग्भक्त, अधोभक्त, सभक्त आदी काल घड्याळास बांधलेले नाहीत, ते प्रामुख्याने अन्नास बांधलेले आहेत. ‘जेवणापूर्वी’ किंवा ‘जेवणाबरोबर’ असे लिहिले तर रुग्ण कोणत्याही देशात गोंधळत नाही. ज्या पद्धतीस आपण जुनी म्हणतो, तीच प्रवाशास सर्वांत सोयीची आहे.

आता बॅगेकडे वळू. हातातील सामानात द्रवपदार्थाची बाटली शंभर मिलिलिटरहून मोठी नसावी, हा निर्बंध २००६ पासून जगभर रूढ होत गेला. काही विमानतळांवर तो आता शिथिल झाला असला तरी सर्वत्र नाही. ४५० मिलिलिटरची आसवाची काचेची बाटली हाती देऊन आपण रुग्णाची अडचणच करतो. शिवाय आसवारिष्टांत स्वयंनिर्मित मद्यांश असतो. मद्याविषयी कडक कायदे असलेल्या देशांत ती नेणे धोक्याचे. शक्य तेथे काढ्याऐवजी घनवटी द्यावी. कर्पूर रसात अहिफेन आहे, हे अतिसाराच्या भयाने ‘सोबत असू द्या’ म्हणून देणाऱ्याने विसरू नये. खसखस आपल्या स्वयंपाकघरातील वस्तू. परंतु संयुक्त अरब अमिराती व सिंगापूर येथे ती निषिद्ध आहे. ऑस्ट्रेलियात उतरताना वनस्पतिजन्य पदार्थ व औषधे प्रवेशपत्रिकेवर जाहीर करावी लागतात. हे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या देशाचे ताजे नियम पाहून घेण्यास रुग्णास सांगावे.

रसौषधींचा प्रश्न याहून नाजूक आहे. २००४ च्या डिसेंबरात अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. २००८ साली त्याच नियतकालिकात इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ औषधांविषयी लेख आला. त्यांतही सुमारे एकपंचमांश औषधांत हे धातू सापडले. आपल्यापैकी अनेकांनी त्या वेळी शोधन-मारणाचे दाखले देऊन संताप व्यक्त केला. आम्हीही केला. केंद्र सरकारने मात्र निर्यातीच्या केवळ वनस्पतिजन्य औषधांची धातुपरीक्षा १ जानेवारी २००६ पासून अनिवार्य केली. वाद एकीकडे ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. आरोग्यवर्धिनी घेणारा रुग्ण परदेशी रुग्णालयात दाखल झाला आणि त्याच्या रक्तात पारा आढळला, तर तेथील डॉक्टरांना सांगण्यासाठी त्याच्याजवळ काय असते? यष्टिमधू दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो व पोटॅशियम उतरू शकते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाच्या डॉक्टरांस ही माहिती कोण देणार? ती देण्याचे साधन एकच, ते म्हणजे आपल्या हातचा कागद.

येथे दोन आक्षेप येतात. पहिला गुप्तयोगाचा. घराण्यात तीन पिढ्या जपलेला योग कागदावर कसा लिहावा? ज्येष्ठांच्या या भावनेचा आम्हांस आदर आहे. आमचे गुरुजीही पुडीवर केवळ खुणेची रेघ ओढीत. परंतु लिहावयाची आहेत ती घटकद्रव्ये. हातोटी, भावना आणि अग्नी कोणी लिहावयास सांगत नाही. दुसरा आक्षेप कायद्याचा. आपल्याच रुग्णासाठी औषध बनविणाऱ्या वैद्यास परवान्याची आवश्यकता नाही, ही सवलत औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आहे हे खरे. परंतु ती सवलत या देशाच्या कायद्याने दिलेली आहे. रुग्णाने सीमा ओलांडली की ती त्याच्याबरोबर जात नाही. पुढे तो एकटा असतो.

औषध दुकानदार बंधूंसही आमची काही विनंती आहे. औषधावर घटकद्रव्ये, उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व निर्मितीची तारीख असावी, असे नियम १६१ सांगतो. अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असल्यास वैद्यकीय देखरेखीची सूचनाही आवश्यक असते. हे सारे कारखान्यातून येते, आणि आपण बरणीतून सुटे चूर्ण किंवा डब्यातून शंभर गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देतो तेव्हा तेथेच संपते. ‘परदेशी न्यावयाचे आहे का?’ एवढा एक प्रश्न काउंटरवर विचारावा. उत्तर होकारार्थी असेल तर मोहोरबंद मूळ वेष्टनच द्यावे, पक्के बिल द्यावे आणि सुटे औषध देण्यास नम्रपणे नकार द्यावा. दोनचार रुपयांच्या सवलतीपेक्षा ग्राहकास त्याचे मोल अधिक वाटेल.

वैद्यबंधुभगिनींनी प्रवासी रुग्णास आपल्या छापील कागदावर इंग्रजीत एक पत्र द्यावे, असा आमचा आग्रह आहे. त्यात रुग्णाचे नाव पारपत्राप्रमाणे असावे. व्याधी सोप्या शब्दांत, औषधाचे नाव, घटकद्रव्यांची वनस्पतिशास्त्रीय नावे, मात्रा, किती दिवसांचे औषध आणि आपला नोंदणी क्रमांक असावा. धातुकल्प असल्यास तो स्पष्ट लिहावा. शक्यतो दीर्घ परदेशवासात तो देऊच नये. पुड्यांऐवजी बंद डबी व तिच्यावर तेच नाव असावे. यास दहा मिनिटे लागतात. गर्दीच्या दिवशी ती दहा मिनिटे जड वाटतात, हे आम्ही अनुभवाने जाणतो.

आमचे ते रुग्ण पुन्हा प्रवासास निघाले तेव्हा आम्ही असे पत्र दिले. औषधे तीनच, सारी मूळ वेष्टनात. त्यांनी पत्र दोनदा वाचले आणि म्हणाले, “इतकी वर्षे मी काय घेतो आहे, हे आज प्रथम कळले.” विमानतळावर या वेळी त्यांना कोणी अडविले नाही, ते पत्र दाखविण्याचा प्रसंगही आला नाही. तथापि त्यांच्या त्या एका वाक्याने आम्हांस लज्जित केले. सीमेवरील अधिकाऱ्यासाठी म्हणून लिहिलेला तो कागद वस्तुतः प्रथम रुग्णाच्याच हक्काचा होता. तो आपण घर न सोडणाऱ्या रुग्णासही द्यावयास हवा होता, आणि आता तरी द्यावा.