मानलेला भाऊ

रात्री साडेनऊला सासूबाईंची मालिका संपते आणि रिमोट माझ्या हातात येतो. मग आमच्या बैठकीच्या खोलीत तांग राजवट सुरू. 'तांगचाव ग्वेइशी लू', म्हणजे तांगकाळातल्या अजब घटनांची बखर म्हणा. 2022 सालची चिनी मालिका, 36 भाग, आठ प्रकरणं. यातला एकही चेहरा मी आधी कुठे पाहिलेला नव्हता. भरजरी चिनी मालिकांत हजार घोडे धावतात, इथे तीन धावतात आणि कॅमेरा त्यांच्या फार जवळ असतो. हात जरा राखूनच खर्च केलाय, हे बघताना कळतं.

पण काय हुशारीने राखलाय! चांगआन शहरात तेव्हा संध्याकाळी नगारा वाजला की एकेका मोहल्ल्याच्या तटाची दारं बंद व्हायची. त्यानंतर रस्त्यावर सापडलात तर कायद्याने वीस फटके. म्हणजे रात्रीचे सुनसान रस्ते हे इतिहासाला धरून, आणि शिवाय फुकट. गर्दी उभी करायचा खर्च नाही. एक कंदील, ओली फरशी, गस्तीवरच्या माणसाचे बूट. झालं चांगआन! ह्युएन त्संग आपला महाराष्ट्र पाहून 645 साली ज्या शहरात परतला, तेच हे. मालिकेतला काळ त्यानंतर साठ-सत्तर वर्षांचा.

एक अख्खं प्रकरण गानतांग नावाच्या सरकारी ठाण्यात घडतं. तांग राज्यात अशी टपालाची आणि मुक्कामाची ठाणी सोळाशेच्या आसपास होती, साधारण सोळा-सोळा किलोमीटरवर एक. रात्र, पडकी इमारत, आत अडकलेले प्रवासी. आपल्याकडच्या नाटकवाल्यांना हा हिशोब लगेच कळेल: सेट एक, माणसं मोजकी, भीती भरपूर.

शोध घेणारे दोघं. सू वूमिंग हा दी रेनज्ये या गाजलेल्या न्यायाधीशाचा शिष्य, बुटका नाही पण तसा वाटणारा, नम्र, पोटात सगळं ठेवणारा. लू लिंगफंग हा गस्तीच्या फौजेतला तरुण सरदार, नाक वर, पाठ ताठ. दोघांचं पटत नाही. बरोबर एक म्हातारा वैद्य, ज्याला दर जेवणाला कोंबडी लागते. हा कोंबडीवाला मालिकेने उगाच घातलाय असं मला वाटलं होतं. पण त्याचं नाव नवव्या शतकातल्या एका तांगकालीन संग्रहातून उचललेलं आहे.

सू वूमिंगही असाच जुना. त्याची मूळ गोष्ट मालिकेपेक्षा मला जास्त आवडते. सम्राज्ञी वू झेत्यानच्या काळात राजकन्या ताइपिंगचे दागिने चोरीला गेले. अधिकाऱ्यांना मुदत दिली, धमक्या दिल्या, चोर सापडेना. सू वूमिंग म्हणाला, मुदतबिदत काढा, मला थोडे दिवस द्या. मग पितरांच्या थडग्यांवर जायचा सण आला, तेव्हा त्याने शिपायांना सांगितलं, सुतकी कपड्यातली दहाबारा परदेशी माणसं वेशीबाहेर जाताना दिसतील, त्यांच्या मागे जा. ती माणसं एका नव्या थडग्याशी थांबली. रडली, पण रडण्यात दुःख नव्हतं. मग थडग्याभोवती फिरली आणि एकमेकांकडे बघून हसली. सू वूमिंगने थडगं उकरायला सांगितलं. शवपेटीत दागिने.

पुरावा काय, तर कोरडं रडणं.

आणि इथे आमच्या सासूबाई येतात. इंग्रजी अक्षरं खाली भरभर पळतात, त्यांना पुरत नाहीत. मी मधूनमधून सांगते, बाकी वेळ त्या चेहरे बघतात. दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "अगं, ही चित्रं काढणारी पोरगी त्याच्याशी बोलते, पण बघते दुसरीकडे. बघितलंस?" मी नव्हतं बघितलं. मी वाचत होते.

ती पोरगी पेइ शीज्युन, बड्या अधिकाऱ्याची मुलगी. तिचं ज्याच्यावर मन होतं तो सैनिक रणांगणावर मेला. लू लिंगफंग हुबेहूब त्याच्यासारखा दिसतो. ती आधी घोटाळते, मग समजते, आणि तरीही चांगआन सोडून या लोकांच्या मागे दूरच्या वाटेला लागते. संशयितांची चित्रं काढून तपासाला मदत करते. लू तिला मानलेली बहीण म्हणतो, ती त्याला दादा म्हणते. संपलं. मिठी नाही, चांदणं नाही, पावसात एका छत्रीखाली संथ गाणं नाही. तो तिच्या आणि धोक्याच्या मधे उभा राहतो, तेही पाठ करून.

पैसे कमी असले की प्रेमालाही जागा कमी मिळते, असं कुणी म्हणेल. मला वाटतं इथे ते उलटं झालंय. प्रेतं, विष आणि खोट्या साक्षी यांच्या फटीत त्यांना दोन-दोन सेकंद मिळतात, आणि दिवसभर लोकांच्या चेहऱ्यावरून खोटं ओळखणाऱ्या माणसांना ही एक गोष्ट मात्र ओळखता येत नाही. सू वूमिंगला येत असावी. तो चहा पिताना मान खाली घालतो.

सासूबाईंना मात्र हे 'दादा' प्रकरण पचत नाही. "मानलेला भाऊ म्हणे! आमच्या गल्लीत असले तीन होते, तिघांची लग्नं झाली त्याच बहिणींशी," म्हणाल्या आणि गोळ्या घ्यायला उठल्या. परवा मी त्यांना सांगितलं, 2024 साली दुसरा भागही आलाय, सगळे पश्चिमेच्या वाटेला निघालेत.

"पश्चिमेला जाऊ दे नाहीतर काशीला," त्या म्हणाल्या, "त्याला नावाने हाक मारते का, तेवढं सांग."