पाव आणि पळून गेलेली बायको

गेल्या आठवड्यात शहरातल्या एका चकचकीत दुकानातून प्रस्तुत सदरकाराने ‘अस्सल फ्रेंच बगेट’, म्हणजे लांबट कडक पाव, आणला. प्लास्टिकच्या पिशवीत घामेजलेला, आणि वाकवला तर टोकाला टोक लागेल इतका लुसलुशीत! जाब विचारल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, सगळ्यांना सॉफ्टच लागतं.” कडक कवचाच्या ब्रून पावावरून या सदराने वाचकांचं डोकं आजवर बरंच खाल्लं आहे. आज आणखी थोडं.

फ्रान्समध्ये असल्या बाबतीत सरकार मध्ये पडतं. १९९३ च्या हुकुमाप्रमाणे ‘पारंपरिक फ्रेंच पाव’ म्हणून विकायचा, तर पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण यांवरच भागवायचं. सोयाचं किंवा माल्टचं पीठ चिमूटभर चालतं; रसायनं नाहीत, कणीक गोठवणं नाही. १९९८ च्या कायद्याने तर मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं जागेवर होत नसेल, तर दुकानावर ‘बूलांजरी’ (बेकरी) अशी पाटी लावायलाही बंदी घातली. २०२२ मध्ये बगेट बनवण्याची कला युनेस्कोच्या वारसा यादीत गेली.

पण गिऱ्हाइकाला कायदा कसा लावणार? भट्टीत घालण्याआधी पात्याने तिरके छेद द्यायचे, ते फुलून त्यांची कड करकरीत तपकिरी व्हायची, एवढा खटाटोप बेकर करतो. आणि काउंटरवर मागणी येते : “फार भाजलेला नको हं!” खुद्द फ्रान्समध्ये! तो काउंटरवरचा मुलगा तिकडे सुखात राहील.

तिथल्या गावांची रड वेगळी. म्हातारा बेकर निवृत्त होतो, रात्री उठून भट्टीशी झुंजायला कोणी तयार नसतं, दुकानाला कुलूप लागतं. मग कुठे किराणावाल्याकडे बाहेरून पाव येतो, कुठे चौकात मशीन बसतं. नाणी टाका, आतला अर्धवट भाजलेला पाव पूर्ण भाजून गरमागरम बाहेर पडतो.

बेकर नसला की गावाचं काय होतं, हे मार्सेल पान्योलने १९३८ मध्येच ‘ला फाम द्यु बूलांजे’ (बेकरची बायको) या चित्रपटात दाखवलं होतं. बेकरची तरणी बायको एका मेंढपाळाबरोबर पळून जाते आणि बेकर जाहीर करतो : ती येईपर्यंत पाव नाही. आधी फिदीफिदी हसणारं गाव दुसऱ्या दिवशी ताळ्यावर येतं. बाईच्या अब्रूची चिंता कोणाला नाही, प्रश्न न्याहारीचा! शाळामास्तर आणि पाद्री यांचं हाडवैर; जोन ऑफ आर्कला आवाज खरंच ऐकू आले की तसं नुसतं वाटलं, यावरून बिनसलेलं. तोच मास्तर पाद्रीबुवांना खांद्यावर घेऊन दलदल तुडवत जातो, बाईला आणायला.

ती परतते तेव्हा बेकर, म्हणजे नट रेम्यू, तिला एका शब्दाने बोलत नाही. त्याच वेळी घरची मांजरीही भटकून परत आलेली असते. सगळा उद्धार तिचा : बिचारा बोका इथे झुरत होता, तुला काही वाटलं का? बायको बाजूला उभी राहून ऐकते आहे. मांजरी दूध पिते आहे.