रजिस्टर डाक गेली, व्यापाऱ्याने काय करावे?

2025 साली डाक खात्याने रजिस्टर डाक स्पीड पोस्टात विलीन केली. कागदावर ही बाब किरकोळ दिसते. पण मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या कापड बाजारात उधारीवर माल देणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांना ती किरकोळ नाही.

परगावच्या गिऱ्हाइकाचा चेक वटला नाही, तर बँकेकडून तशी खबर मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला त्याला 15 दिवसांची मुदत असते. नोटीसच मिळाली नाही, हा देणेकऱ्याचा नेहमीचा बहाणा. त्यावर रजिस्टर डाक हाच इलाज होता. बरोबर पत्त्यावर, पुरते टपाल भरून रजिस्टरने पाठविलेले पत्र पोहोचले असे 1897 च्या जनरल क्लॉजेस कायद्याच्या कलम 27 प्रमाणे गृहीत धरले जाई. चेकच्या नोटिशीलाही हे लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली सी. सी. अलवी हाजी खटल्यात सांगितले.

आता नुसते स्पीड पोस्ट केले तर पाकीट पत्त्यावर कोणाच्याही हाती पडू शकते. ज्याच्या नावाचे त्याच्याच हाती द्यायचे असेल, तर 'रजिस्ट्रेशन' वेगळे मागावे लागते. त्याचे 5 रुपये जास्त. खिडकीवर न मागता ते मिळेल अशा भरवशावर राहू नये.

दराचा हिशेब पाहा. 20 ग्रॅमपर्यंतची रजिस्टर कर धरून 25 रुपये 96 पैशांत जात असे. 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झालेल्या दरांत 50 ग्रॅमपर्यंतच्या परगावच्या स्पीड पोस्टाला 47 रुपये, रजिस्ट्रेशनचे 5, त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 61 रुपये 36 पैसे. गावातल्या गावात दर 19 रुपये आहे, तो जरूर स्वस्त. पण उधारी अडकते ती परगावी! पत्र लवकर पोहोचते हे आम्ही मान्य करतो. मात्र नोटिशीला घाई नको असते, पुरावा हवा असतो. हलक्या कागदपत्रांसाठी रजिस्ट्रेशनसह एक स्वस्त दर डाक खात्याने ठेवावा, ही आमची मागणी आहे. दहा हजारांच्या वसुलीसाठी धडपडणाऱ्या कारागिराला हा फरक जाणवतो.

मागणी मान्य होईल तेव्हा होईल. तोपर्यंत व्यापारी बांधवांनी एवढे करावे: नोटीस नमुन्याच्या पुडक्यात घालू नये, वेगळी पाठवावी. बिलावरचा पूर्ण पत्ता व पिनकोड लिहावा. पावतीवर रजिस्ट्रेशनची नोंद खिडकीवरच तपासावी. पाकीट पोहोचल्याची नोंद संगणकावरून छापून पावतीसोबत फाइलीत लावावी. तोंडी व्यवहार कितीही सच्चा असला, तरी कोर्टात कागदच बोलतो.