माशी बसवणे म्हणजे बंदुकीत फेरफार नव्हे

निवडणुकीसाठी पोलीस ठाण्यात जमा केलेल्या शेतीसंरक्षणाच्या बंदुका परत आल्या, पण जुन्या दुनळ्यांच्या टोकावरची नेम धरायची माशी गायब आहे, अशी पत्रे कोकणातून आणि कोल्हापूरकडून आली आहेत. बंदुका एकावर एक रचून ठेवल्या की असे होणारच. संताप आणणारी गोष्ट पुढची आहे. एका ठाण्याने माशी बसवण्याआधी 'शस्त्रात फेरफार करण्याची परवानगी' आणायला सांगितले आहे. शेतकऱ्याच्या भातात रानडुकरे शिरली आहेत आणि अर्ज टेबलावर पडून आहे.

शस्त्र अधिनियम १९५९चे कलम ६ नळी आखूड करण्याविषयी आणि नकली बंदुकीची खरी करण्याविषयी आहे. माशी बसवल्याने ना लांबी बदलते, ना बोअर. क्रमांक आणि प्रूफचे शिक्के जागच्या जागी राहतात. ही कलम ५ मधली दुरुस्ती आहे आणि तिचा परवाना आपल्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानांकडे आहे. अधिकाऱ्यांनी कायदा उघडून ही दोन कलमे वाचावीत. त्यासाठी वरून मार्गदर्शन मागवण्याची गरज नाही.

पण आपल्यातलेही काही जण ठाण्याच्या शंकेला बळ देतात. परवा पाहिलेल्या एका दमास्कस नळीच्या इंग्रजी दुनळीवर कुणीतरी टॉर्च लावून माशी चिकटवली होती. कथील-शिशाचा डाख १८३ अंशांपासून सुटू लागतो, आणि जुनी रिब बहुधा अशाच नरम डाखावर बसलेली असते. रिब उचलली गेली, खाली गंज धरला. आता दोन्ही नळ्या सोडवून रिब नव्याने बसवावी लागेल. एवढ्याशा माशीपायी! जुन्या दुनळीला या कामासाठी आच लावूच नका.

तुटलेला देठ डाव्या ड्रिलने काढा, त्यावरच पिच गेज लावून मूळ आटे ओळखा. हाताशी आहे म्हणून तीन मिलिमीटरचा टॅप घुसवू नका. जुन्या विलायती आट्यांशी तो जुळेलच असे नाही आणि भोक कायमचे बिघडते. माशी पितळेची किंवा जर्मन सिल्व्हरची लेथवर काढून घ्या. रिब नसलेल्या एकनळीत भोक थेट नळीच्या भिंतीत असते. तिथे देठ आत डोकावला तर तो छऱ्यांच्या वाटेत येतो. म्हणून देठ भिंतीच्या जाडीपेक्षा आखूड ठेवा आणि उजेड धरून बोअर तपासल्याशिवाय बंदूक परत देऊ नका.

वहीत 'समोरची माशी बदलली' असे स्पष्ट लिहा, परवान्याचा क्रमांक टाका, पावती द्या. तोंडी कामे बंद करा. ठाण्याच्या शंकेला तुमची कोरी वहीच कारण ठरते. आणि गिऱ्हाइकांना आतापासून सांगून ठेवा: पुढच्या वेळी बंदूक जमा करताना माशी शाबूत असल्याची नोंद ठाण्याच्या पावतीवर करून घ्या, आणि तिची सही-शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय निघू नका.