कॉम्प्रेसरसोबत ड्रायरही
मे महिन्यात सुरतच्या उधना-लिंबायतमधून लग्नासाठी नवापूरमार्गे खानदेशात निघालेल्या व्हॅनचा एसी बंद पडला, की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या माणसांचे आणि तान्ह्या लेकरांचे फार हाल होतात. म्हणून गॅरेजवाल्यांना कळकळीचं सांगणं: जाम झालेला कॉम्प्रेसर काढून नुसता नवा बसवू नका. जुन्याचा धातूचा कीस पाइपांत राहतो; पाइप धुऊन घ्या, ड्रायर बदला, कंडेन्सर धुता येत नसेल तर तोही बदला. सुरतेची हवा दमट, कॉम्प्रेसरचं तेल ओल पटकन ओढतं. म्हणून व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवा, मगच गॅस भरा. आणि जुना आर-१३४ए गॅस हवेत सोडू नका, यंत्राने काढून घ्या. वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त भारी आहे.