यंत्राने दाखविलेली चूक

आजचे युग संगणकाचे आहे, हे वाक्य आपण प्रत्येक वक्तृत्वस्पर्धेत ऐकतो. पण संगणकाची आज्ञावली एकदा लिहिली की काम संपत नाही. कौलारू घराला दरसाल शाकारणी लागते, तशी तिलाही डागडुजी लागतेच. या कामासाठी आता तपासनीस साधने निघाली आहेत. लाखो ओळी चाळून ती संशयास्पद जागा दाखवितात. मग माणसाने डोके कशाला शिणवावे, असे काहींना वाटते. मला हे मत घातक वाटते.

घडलेली गोष्टच पाहा. 'डेबियन' ही स्वयंसेवकांनी सांभाळलेली संगणकप्रणाली. तीत गुप्त किल्ल्या तयार करण्याचे काम 'ओपनएसएसएल' ही आज्ञावली करते. २००६ साली 'व्हॅलग्राइंड' या साधनाचा इशारा आला की, येथे काही न भरलेली स्मृती वापरली जात आहे. डेबियनच्या कार्यकर्त्याने आधी विचारणा केली आणि मग दोन ओळी काढून टाकल्या. इशारे थांबले.

परंतु त्यांतील एक ओळ किल्लीमध्ये अनिश्चितता मिसळणारी होती. ती जाताच किल्ली केवळ चालू कामाच्या क्रमांकावर अवलंबून राहिली, आणि असे क्रमांक फार तर ३२,७६८! म्हणजे एका प्रकारच्या संगणकावर, एका लांबीच्या किल्ल्या तेवढ्याच. कोणीही त्या सगळ्या आधीच करून ठेवाव्यात! मे २००८ मध्ये हे उघडकीस आले, तोवर दीड वर्षाहून अधिक काळ अशा किल्ल्या बनत राहिल्या होत्या. त्या साऱ्या बदलणे भाग पडले.

अपराध साधनाचा नव्हता. त्याने दिसले ते सांगितले. 'ही ओळ येथे का आहे?' हा प्रश्न त्याचा नव्हेच. तो माणसाचा आहे.

साधने हवीतच, कारण लाखो ओळी डोळ्यांनी कोण वाचणार? पण ज्या ओळीचे कारण सांगता येत नाही, ती पुसू नये. लिहिणाऱ्यानेही ते कारण शेजारी नोंदवून ठेवावे. जुन्या पोथीचा चांगला संपादक गाळलेला पाठही तळटीपेत जपतो, तो उगाच नव्हे. आज तर दुरुस्ती स्वतःच लिहून देणारी साधने आली आहेत. अशा वेळी 'का?' विचारणारा माणूस कामावरून कमी करणे परवडणार नाही.